ट्रेकवरचा छोटा स्टोव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला की मुक्कामी ट्रेकचे बेत सुरू होतात आणि दर वर्षी तेच प्रश्न येतात. कोणता घेऊ, कॅन कुठला बसेल, किती गॅस लागेल, विमानात चालतो का. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतो. माझा अनुभव मुख्यतः सह्याद्रीतला, अधूनमधून हिमालयातला. मतं माझी आहेत, पटली तर घ्या.

मुळात स्टोव्ह लागतो का?

एका दिवसाच्या ट्रेकला नाही. पोळी-चटणी आणि थर्मासमधला चहा पुरे. मुक्कामालाही दर वेळी लागतोच असं नाही. पाचनई, गुंजवणे, रतनवाडी अशा पायथ्याच्या गावांत घरगुती पिठलं-भाकरी मिळते, ती तुमच्या खिचडीपेक्षा नक्की चांगली असते आणि त्या घरात दोन पैसे जातात. स्टोव्ह घ्यायचा तो जिथे वर काहीच मिळत नाही अशा घाटवाटांसाठी, सरपण भिजलेलं असतं त्या दिवसांसाठी आणि हिमालयात स्वतःचं स्वतः करणार असाल तर.

प्रकार किती आहेत?

सगळ्यात जास्त खपतो तो गॅसच्या कॅनवर वरून आट्यांनी बसणारा बर्नर. मुठीत मावतो, वजन २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत. दुसरा नळीचा: बर्नर जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा आणि कॅन बाजूला. जरा जड, पण बैठा असल्यामुळे मोठं पातेलं डगमगत नाही. तिसऱ्या प्रकारात भांडं आणि बर्नर एकमेकांत अडकतात आणि भांड्याच्या बुडाला उष्णता धरणाऱ्या पट्ट्या असतात. पाणी झटपट उकळतं, पण पोहे परतायला गेलात की बुडाला लागलेच समजा.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह आपल्या आज्यांनी आयुष्यभर वापरला. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने प्रायमस बनवला, त्याचीच ही जात. रॉकेल तापलेल्या नळीत जाऊन त्याची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडते आणि निळी जळते. म्हणून आधी काकडा लावून बर्नर तापवावा लागतो, नाहीतर भडका आणि काजळी. कडाक्याच्या थंडीत हा गॅसपेक्षा भरवशाचा. फक्त पिन जवळ ठेवा, आणि पंप हवा धरत नसेल तर चामड्याचा वॉशर वाळला असेल. तो काढून खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळा, पुन्हा धरतो. अडचण वेगळीच आहे: रॉकेल आता मिळतं कुठे? रेशनवरचं निळं रॉकेल बहुतेक ठिकाणी दिसेनासं झालं आहे.

स्पिरिटचा स्टोव्ह म्हणजे जवळपास एक वाटीच. हलका, आवाज नाही, बिघडायला काही नाही. पण उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझला असं समजून वरून बाटलीने स्पिरिट ओततात आणि भाजून घेतात. पूर्ण गार झाल्याशिवाय त्यात काही ओतायचं नाही.

हेक्झामिन या घन इंधनाच्या पांढऱ्या वड्या लष्करी शिध्यामुळे बऱ्याच जणांना माहीत आहेत. एका कप चहाला ठीक. भांड्याच्या बुडावर चिकट काळा थर बसतो, तो घासताना तुम्ही मला आठवाल.

मग मी कोणता घेऊ?

दोघं-तिघं असाल आणि सह्याद्रीतच फिरणार असाल तर आट्यांचा साधा बर्नर. चार-सहा जणांचं पातेलं चढवायचं असेल तर नळीचा. बाकी तपशिलात जाऊ नका. दुकानदार वॅटचे आकडे सांगतो, २६०० की ३५००. त्याकडे फार लक्ष देऊ नका. दोन गोष्टी हाताने करून बघा. भांडं ठेवायचे पाय उघडा आणि तुमचं रोजचं पातेलं त्यावर ठेवून हलवा. मग नॉब फिरवून बघा, आच अगदी बारीक होते का. भाताला दम द्यायला बारीक आच लागते, आणि मोठी ज्योत सगळेच देतात.

कॅन कोणता कशाला बसतो?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आट्यांचा कॅन बुटका, घुमटासारखा, वर मधोमध आटे असलेला. साधारण १००, २३० आणि ४५० ग्रॅम गॅसच्या मापात येतो. आट्यांचं माप जगभर एकच धरलेलं असल्याने एका कंपनीचा बर्नर दुसरीच्या कॅनवर बसतो. लांबट, डासांच्या स्प्रेसारखा दिसणारा कॅन पेटीत घालून न्यायच्या सपाट गॅस-शेगडीचा. तो स्वस्त आणि सहज मिळणारा. आट्यांच्या बर्नरवर तो थेट बसत नाही, मध्ये अडॅप्टर लागतो. मला एका दुकानात 'सगळं एकच आहे, बसेल' म्हणून लांबटच कॅन दिला होता. न बघता पिशवीत टाकला, ही चूक माझी. रात्री आठ वाजता गडावर पाच जण कच्चे पोहे भिजवून खात बसलो.

अडॅप्टर वापरणाऱ्यांनी एक बघा. लांबट कॅनच्या तोंडाशी कडेला एक खाच असते. कॅन आडवा ठेवल्यावर ती खाच वर हवी. आतली वाकडी नळी त्या बाजूला असते, त्यामुळे खाच वर असली की वरची वाफ ओढली जाते. खाच खाली गेली तर द्रव गॅस थेट बर्नरमध्ये येतो आणि हातभर पिवळी ज्वाळा उठते.

भोक पाडून बसवायचे जुने कॅन कुणी फुकट दिले तरी नको. गॅस संपेपर्यंत ते काढता येत नाहीत.

गॅस किती न्यायचा?

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला शास्त्रापुरता सात-आठ ग्रॅम गॅस लागतो. निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने उडून जाते, म्हणून प्रत्यक्षात १५ ग्रॅम धरा. म्हणजे २३० ग्रॅमच्या कॅनमध्ये सुमारे १५ लिटर पाण्याला उकळी, तीही वारा नसताना आणि झाकण ठेवून.

चौघांचा एका रात्रीचा मुक्काम घ्या. संध्याकाळचा चहा एक लिटर, खिचडीचं आधण दोन लिटर आणि वर वीस मिनिटं मंद आच, सकाळी पुन्हा चहा, मग उपमा किंवा मॅगी. सगळं धरून १३० ते १५० ग्रॅम. २३० ग्रॅमचा एक कॅन पुरतो. नॉब पूर्ण उघडून ठेवणाऱ्यांना मात्र पुरत नाही, कारण पूर्ण आचेवर तोच कॅन तास-सव्वा तासात संपतो.

कॅनमध्ये किती उरलंय हे हलवून कळत नाही. नवा कॅन घरच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा त्याच्यावरच मार्करने लिहा. परत आल्यावर पुन्हा वजन करा. दोन-तीन ट्रेकमध्ये तुमच्या टोळक्याचा खप कळेल, तो माझ्या हिशोबापेक्षा खरा.

प्यायचं सगळं पाणी उकळायचा विचार असेल तर हाच हिशोब पुन्हा वाचा. टाक्याचं पाणी पिण्याजोगं करायला एक मिनिट खळखळ उकळी लागते, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. इतका गॅस वाहण्यापेक्षा फिल्टर किंवा क्लोरीनचे थेंब न्या.

ज्योत मोठी आहे, तरी चहा उकळत नाही. बर्नर खराब आहे का?

बर्नर बहुतेक ठीक असतो, वारा असतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात कोकणकड्यावर आम्ही चौघांचा चहा चढवला. ज्योत आडवी पडून फरफर करत होती. पंचवीस मिनिटांनी पातेल्यात बोट घातलं तर आंघोळीइतकं कोमट. वैतागून सगळं उचललं, कड्यापासून मागे येऊन गुडघाभर उंचीच्या खडकामागे बसलो, पातेल्यावर ताटली ठेवली. सात मिनिटांत उकळी. बर्नर तोच होता आणि भांडंही तेच.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की स्टोव्हवर जास्तीचे दोन हजार घालण्यापेक्षा झाकणाचं पातेलं आणि बसायची जागा यावर डोकं लावावं. भांडं उभट नको, पसरट बुडाचं हवं. ज्योत बुडाच्या कडेबाहेर आली की तेवढा गॅस आकाश तापवतोय. बाहेरून काळं झालेलं पातेलं घासून चकचकीत करायची गरज नाही.

आडोशाला सॅक, खडक, भिंत काहीही चालेल. ॲल्युमिनियमच्या घडीच्या पडद्याबद्दल मात्र सावध. वरून बसणाऱ्या बर्नरला चारही बाजूंनी पडदा लावला की उष्णता आत कोंडते आणि कॅन तापतो. तापलेला कॅन म्हणजे बॉम्बच. पडदा तीन बाजूंना लावा, एक बाजू पूर्ण उघडी ठेवा, आणि मधूनमधून कॅनला हात लावा. गार किंवा कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच बंद. नळीच्या स्टोव्हला चारही बाजूंनी पडदा चालतो, कॅन पडद्याबाहेर असतो म्हणून.

पेटवण्याची बरोबर पद्धत?

आधी जागा. सपाट कातळ, भोवती हातभर वाळकं गवत नाही. नोव्हेंबरनंतर सह्याद्रीतलं गवत कापरासारखं पेट घेतं. नॉब बंद आहे हे बघून बर्नर कॅनवर सरळ धरून हाताने फिरवा. क्षणभर फिस्स होतं, मग थांबायला हवं. थांबलं नाही तर आतली काळी रबरी रिंग बघा, चिरली असेल. शंका आली तर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. काडी ओढून पेटवून झाली की मगच नॉब उघडा, उलट नको. पेटलेला कॅन उचलायचा नाही, तिरका करायचा नाही.

बर्नरला जोडलेल्या खटक्यावर विसंबू नका. दमट हवेत आणि उंचीवर त्याची ठिणगी पडत नाही. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, लायटर दुसऱ्याच्या खिशात.

पावसात तंबूच्या आत पेटवला तर?

नाही. कापड वितळेल ही भीती आहेच, पण खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि ती झोप थकव्याची वाटते. शिवाय न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तंबूच्या तळाशी, झोपायच्या जागीच साचतो. फारच पाऊस असेल तर तंबूच्या बाहेरच्या पडवीत, चेन पूर्ण उघडी ठेवून, बर्नर उघड्या बाजूला. गुहेत तोंडाशी बसा, मागच्या कोपऱ्यात नाही. झोपताना स्टोव्ह शेकायला म्हणून सुरू ठेवणं अजिबात नको.

थंडीत ज्योत बारीक का होते?

कॅनमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वाफ होऊनच वर येतो. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफच होत नाही. आयसोब्युटेनला ही मर्यादा उणे १२ च्या आसपास, प्रोपेनला उणे ४२. म्हणून चांगल्या कॅनमध्ये मिश्रण असतं. त्यात आणखी एक गंमत: गॅसची वाफ होताना कॅन स्वतःच गार पडतो, बाहेर दव धरतं, कधी पांढरा बर्फही. बाहेर सहा अंश असले तरी आतला गॅस शून्याजवळ जातो.

सह्याद्रीत जानेवारीच्या पहाटे एवढंच करा की रात्री कॅन स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा. पेटवल्यावर मंदावला तर कॅनखाली ताटलीत बोटभर कोमट पाणी घाला. कोमट म्हणजे हात घालता येईल इतकंच, उकळतं नाही. मेणबत्ती धरून कॅन तापवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यापासून लांब बसलो.

हिमालयात डाळ शिजतच नाही. गॅस कमी पडतो का?

पाणी कमी तापतं. दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर ९४-९५ अंश, तिथे फरक जेमतेम जाणवतो. ४००० मीटरवर ८६-८७ अंश. पाणी खळखळतं, डाळ दाताखाली कडकच. आच वाढवून उपयोग नाही, उकळतं पाणी त्यापुढे तापत नाही. म्हणूनच तिकडचे स्वयंपाकी ओझं वाढलं तरी कुकर नेतात. दोन लिटरचा छोटा कुकर नळीच्या स्टोव्हवर नीट बसतो. नाहीतर डाळ विसरा, सूप आणि मॅगी.

तवा ठेवून भाकरी भाजता येईल?

येते, पण वाईट. मध्ये नाण्याएवढी जागा करपते, कडा कच्च्या राहतात. आणि रुंद तवा छत्रीसारखा कॅनवर आच परतवतो, हे धोक्याचं. भाकऱ्या गावातून बांधून घ्या.

कमी गॅसमध्ये काय शिजतं?

रवा घरीच फोडणी देऊन भाजून न्या, वर उकळतं पाणी ओतलं की पाच मिनिटांत उपमा. खिचडीसाठी तांदूळ आणि मूगडाळ शेवटच्या चढाला लागण्यापूर्वी रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घालायची. वर पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. उकळी आली, पाच-सात मिनिटं मंद शिजली की स्टोव्ह बंद करून पातेलं झाकणासकट जाकिटात गुंडाळा आणि वीस मिनिटं हात लावू नका. भुकेली मंडळी झाकण उचलून बघतात, त्यांना पाणी आणायला टाक्यावर पाठवा.

घरच्या सिलिंडरमधून रिकामा कॅन भरून मिळतो म्हणे?

मिळतो, घेऊ नका. तो कॅन एकदाच वापरायला पातळ पत्र्याचा बनवलेला असतो. घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब साध्या ब्युटेनपेक्षा बराच जास्त. आणि भरणाऱ्याला किती भरलं हे कळत नाही. द्रव तापून फुगायला वर रिकामी जागा लागते, ती उरली नाही की उन्हात सॅकमध्येच पत्रा फाटू शकतो. बेकायदा आहे ते वेगळंच. काठमांडूत थामेलमध्येही भरून दिलेले कॅन मिळतात. झाकण, रंग, तोंडाशी ओरखडे बघून घ्या.

विमान, रेल्वे, एसटी?

विमानात गॅसचा कॅन हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्या सामानातही नाही. बर्नर नेता येतो, पण रॉकेलचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर काढून घेतात. मनाली, लेह, ऋषिकेशला कॅन मिळतात, उतरल्यावर घ्या. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एसटीलाही मनाईच. कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणारे सगळे 'कोण बघतंय' म्हणतात, मला माहीत आहे. गर्दीच्या डब्यात गळका कॅन काय करेल याचा विचार करा. आम्ही स्टोव्ह असेल तेव्हा स्वतःची गाडी काढतो.

किल्ल्यावर आणि अभयारण्यात स्वयंपाकाला परवानगी असते?

केंद्रीय संरक्षित स्मारकात १९५९ च्या नियमांप्रमाणे ठरवून दिलेल्या जागेशिवाय स्वयंपाक करता येत नाही, खाताही येत नाही. राखीव जंगलात १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ ने विस्तव पेटवण्यावर बंदी आहे. गॅसचा स्टोव्हही विस्तवच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य आहे, तेव्हा नाक्यावरच्या वनरक्षकाला आधी विचारा. बरेचदा ते जागा दाखवतात. पूर्वी आम्हीही कुठेही पातेलं चढवायचो. ते बरोबर नव्हतं.

गॅसपेक्षा तीन दगडांची चूल काय वाईट?

चव चांगली येते, खोटं कशाला बोलू. पण सरपणाला ओली झाडं तोडली जातात आणि लेण्यांची छतं काळी होतात. तिसरं कारण कुणी सांगत नाही: धूर. कड्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात आणि धुराने माश्या उठतात. उठल्या की कड्यावर पळायला जागा नसते. गॅसला धूर नाही, एवढ्यासाठीसुद्धा मी तो वाहतो.

रिकाम्या कॅनचं काय करायचं?

खाली आणायचा. शेकोटीत टाकायचा नाही, टाक्यात तर नाहीच. घरी आल्यावर उघड्यावर बर्नर लावून उरलासुरला गॅस जाळून टाका, मग आसपास विस्तव नाही हे बघून खिळा-हातोडीने भोक पाडा. भोक असलेला कॅन भंगारवाला घेतो, बिनभोकाचा बघून तो मागे सरकतो, आणि बरोबर करतो.

अर्धवट उरलेले मात्र टाकू नका. माझ्या माळ्यावर असे तीन आहेत, ४०, ६५ आणि ९० ग्रॅमचे, आकडे वर लिहिलेले. नवी मंडळी ट्रेकला येणार असली की आदल्या रविवारी त्यांना गच्चीवर बोलावतो आणि त्या कॅनवर चहा करायला लावतो. कोण काडीच्या आधी नॉब उघडतो ते तिथेच दिसतं.